दुधीला फुलं भरपूर, फळ मात्र धरत नाही : सोसायटीच्या गच्चीवरचा मळा (ठाणे)

अळूवडी

नमस्कार मंडळी,

आम्ही घोडबंदर रोडला मानपाड्याच्या बाजूला राहतो. सोसायटीत क्लब हाउसच्या गच्चीवर सगळ्यांनी मिळून भाजी लावायची टूम निघाली आणि नवल म्हणजे ती टिकली. निळी पिंपं अर्धी कापून त्यात माती थोडी, पालापाचोळा आणि सोसायटीच्या ओल्या कचऱ्याचं खत जास्त, असं भरलंय. माठ, पालक, मेथी, अळू झकास येतं. ज्याने त्या दिवशी काम केलं त्याने जुडी न्यायची, उरलेली वॉचमन आणि सफाईवाल्या ताईंना, असा नियम आहे.

घोडं अडलंय वेलांपाशी. दुधी, लाल भोपळा, दोडका यांचे मांडव हिरवेगार आहेत. फुलं येतात, मागे बोटाएवढं फळ दिसतं, मग ते पिवळं पडून गळून जातं. गच्चीवर माश्या, भुंगे जवळपास नाहीतच. खाली बागेत नुसतं लॉन आणि छाटून चौकोनी केलेली कुंपणं, वर बागेचा कंत्राटदार कसली तरी फवारणी करत असतो.

तर फळ धरण्यासाठी काय करावं? फुलझाडं लावून माश्या-फुलपाखरं येतील असं काही जण म्हणतात, तर मग कुठली लावावीत? आणि दुसरं, तुमच्याकडे असा सामायिक मळा असेल तर माणसं कशी टिकवता? आमच्याकडे रविवारी फोटोला वीस जण आणि सोमवारी पाण्याला दोघं असा हिशोब आहे.

तिरकस

दुधी धरत नाही ही तक्रार आहे की आनंदाची बातमी? आमच्याकडे धरला तर मुलं घर सोडून जातील.

शेवगा

@अळूवडी, आधी फूल बघायला शिका, बाकीचं नंतर. या वेलांना नर आणि मादी फुलं वेगळी येतात. मादी फुलाच्या मागे देठाशी इवलासा दुधी असतो, नर फुलाच्या मागे नुसता लांब देठ. परागकण पोचले नाहीत तर ते इवलं फळ टोकाकडून सुकतं आणि गळतं. तुमचं वर्णन तंतोतंत तेच आहे.

आता वेळ. लाल भोपळ्याचं पिवळं फूल पहाटे उमलतं आणि ऊन चढलं की मिटतं. दुधीचं पांढरं फूल उलट, दिवस कलला की उमलतं. त्याच्यावर संध्याकाळी आणि रात्री पतंग येतात. दोडकाही संध्याकाळचा, पण त्याचंच भावंड घोसाळं सकाळचं. म्हणजे सकाळी नऊला कॉफीचा मग घेऊन गच्चीवर गेलात तर दुधीचं फूल मलूलच दिसणार.

तोवर हाताने करा. ताजं नर फूल तोडायचं, त्याच्या पाकळ्या मागे सोलून काढायच्या, मधला पिवळा दांडा उघडा पडतो. तो मादी फुलाच्या मधल्या तीन पाळ्यांवर हलकेच फिरवायचा. पिवळी पूड चिकटलेली डोळ्यांना दिसते. धरलं असेल तर दोन-चार दिवसांत फळ फुगायला लागतं आणि त्यावरची लव चमकते. दुधीचं हे काम दिवेलागणीला, भोपळ्याचं सकाळी लवकर.

नौपाडाकर

शेवगा यांच्याशी अर्धा सहमत. पण "मांडव हिरवेगार" हे वाचून मला खताचा संशय येतो. नुसतं कंपोस्ट ओतलं की वेल पानांवर जातो, फुलांचं बघत नाही. शिवाय सुरुवातीला नर फुलंच जास्त येतात, त्यामुळे लोक उगाच घाबरतात. खत आवरा, थोडी राख टाका, शेंडा खुडा म्हणजे बाजूच्या फांद्या फुटतील. त्यांच्यावर मादी फुलं जास्त येतात.

आणि फळमाशी तपासलीत का? फळावर बारीक टोचल्याची खूण आणि डिंकाचा थेंब असेल, फळ वाकडं होत असेल, तर परागीभवनाचा काही संबंध नाही. मग क्यू ल्यूरचा (नर फळमाशीला ओढणाऱ्या वासाचा) कामगंध सापळा लावा आणि कोवळ्या फळाला कागदाची पिशवी घाला. माश्या नाहीत म्हणून रडताय आणि नको ती माशी आधीच येऊन बसलीय, असंही होतं.

पोळपाट

नर फुलं जास्त येतात तर भजी करा की! भोपळ्याच्या फुलांची भजी, तांदळाच्या पिठात. आमच्या वसईच्या घरी मादी फुलाला कोणी हात लावला की आई ओरडायची, नर फुलं मात्र हवी तेवढी.

तिरकस

म्हणजे वेलांतसुद्धा नराची किंमत तळण्यापुरतीच. नोंद घेतली आहे.

भुंगा

नौपाडाकर, खताचा मुद्दा रास्त, पण "माश्या-भुंगे जवळपास नाहीतच" हे वाक्य त्यांनीच लिहिलंय. तीच खरी अडचण आहे. लॉन म्हणजे कीटकांच्या दृष्टीने वाळवंट. फूल नाही, बी नाही, उघडी माती नाही.

लोक मधमाशी म्हटलं की पोळं डोळ्यांसमोर आणतात. आपल्याकडे बहुतेक जातींच्या माश्या एकेकट्या राहतात, पोळं करत नाहीत. काही जमिनीत बीळ करतात, काही पोकळ काडीत, काही जुन्या लाकडात. पोटावर निळसर पट्टे असलेली एक गुबगुबीत माशी तुम्ही वांग्याच्या फुलावर पाहिली असेल. ती फुलाला धरून मोबाइल व्हायब्रेटवर ठेवल्यासारखी थरथरते आणि पराग झडतात. वांगी-टोमॅटोच्या फुलांत पराग नळीत बंद असतात, साध्या मधमाशीला ते असे झाडता येत नाहीत. मोठा काळा भुंगाही हे काम करतो. तो नसेल तर लोक विजेवरचा टूथब्रश टोमॅटोच्या फुलाच्या देठाला टेकवतात. हसू नका, चालतं ते.

तेव्हा फुलझाडांइतकीच जागाही द्या. कोपऱ्यात एखादा वाळका बांबू, शेवग्याचा मेलेला ओंडका, थोडी न झाकलेली माती राहू द्या. गुलाबाच्या पानाला गोल गोल कात्रणं दिसली की आपले लोक फवारा घेऊन धावतात. ती पान कापणाऱ्या माशीची करामत असते. कापलेला तुकडा ती काडीतल्या घरट्याला लावते, गुलाबाचं काही बिघडत नाही. तुरीच्या फुलावर याच माश्या येतात. दोन पिंपांत तूर लावाच.

वाशीची_खाडी

मी नवी मुंबईतून लिहितेय, जरा वेगळी बाजू मांडते. आमच्या टॉवरला बाराव्या मजल्याच्या छज्जाखाली आग्या मोहोळ लागलं होतं. रात्री गॅलरीतला दिवा लावला की माश्या घरात. खालच्या मजल्यावरच्या मुलाला चावल्या, रुग्णालयात न्यावं लागलं. त्यानंतर कोणी "मधमाश्या वाचवा" म्हटलं की मला पुढे होऊन हो म्हणवत नाही. तुमच्या गच्चीवर लहान मुलं येतात ना? बोलावून आणलेली माशी चावली तर उत्तर कोण देणार?

भुंगा

मुलाला झालेला त्रास मुळीच किरकोळ नाही आणि ज्याला अशी ॲलर्जी आहे त्याला तर जिवाचा धोका असतो. पण सगळ्या माश्यांना आग्याच्या हिशोबात धरू नका. आग्या माशी उंचावर, मोठं, उघडं पोळं करते आणि डिवचली तर झुंडीने येते. सातेरी अंधाऱ्या पोकळीत राहते, फुलोरी झुडपात तळहाताएवढं पोळं करते. ट्रायगोनाला तर डंखच नाही. वर सांगितलेल्या एकेकट्या माश्यांना राखायला पोळंच नाही, त्या सहसा अंगावर येत नाहीत. पिंपातल्या तुळशीमुळे बाराव्या मजल्यावर आग्या येत नाही. त्याला उंच छज्जा लागतो, तो बिल्डरने आधीच दिलाय.

दिव्याचं म्हणाल तर खरं आहे, आग्या माश्या रात्री उजेडाकडे येतात. त्या बाजूचा दिवा बंद, खिडकी बंद, हे सगळ्यात साधं. ही मोहोळं ऋतूप्रमाणे जागा बदलतात. बहुतेकदा पावसाच्या आधी आपणहून उठून जातात.

वाशीची_खाडी

"आपणहून उठून जातात" हे ज्याच्या खिडकीवर पोळं नाही त्याला म्हणायला सोपं आहे. :) पण फरक समजला. आमच्या कमिटीने पेस्ट कंट्रोलवाला बोलावला, त्याने रात्री मशाल लावून जाळलं. सकाळी पोडियमभर मेलेल्या माश्या. तेही बघवलं नाही, हे मान्य.

बागुलबुवा

जाळण्यापेक्षा पोळं हलवणारे प्रशिक्षित लोक असतात, त्यांना विचारायला हवं होतं. पुण्यात केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी ग्रामोद्योगची, १९६२ पासूनची. तिथे शिकलेले मधपाळ सापडतात. महाबळेश्वरजवळच्या मांघरला २०२२ मध्ये मधाचं गाव म्हणून जाहीर केलं. तिथली माणसं माश्यांवर संसार चालवतात आणि आपण दिवा बंद करायला तयार नाही.

येऊरवारा

झाडांच्या प्रश्नावर कोणी नीट बोललंच नाही, म्हणून लिहितो.

फुलपाखरासाठी मधाचं फूल पुरेसं नाही, अळीसाठी पान लागतं. कढीपत्ता आणि लिंबू लावा : कॉमन मॉरमॉन, लाइम बटरफ्लाय यांच्या अळ्या त्यावर वाढतात. नशीब असेल तर नीलवंतही येतो. तो महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू आहे, २०१५ मध्ये घोषित झाला, आणि येऊरच्या पायथ्याशी असल्यामुळे तुम्हाला ती शक्यता आहे. रुईवर प्लेन टायगर. (चीक डोळ्यात जाऊ देऊ नका, मुलांपासून लांब लावा. शनिवारी मारुतीच्या हारासाठी पानं तोडणाऱ्यांपासून मात्र ती वाचणार नाही.) सीताफळावर आणि तो उंच सरळ खोटा अशोक असतो ना, त्यावर टेल्ड जे. प्रत्येक सोसायटीच्या कुंपणाला तो अशोक असतोच. खुळखुळा लावलात तर टायगर मंडळींचे नर त्यावर ठाण मांडून बसतात. आणि टाकळा उपटू नका. पावसात कुंपणाशी आपोआप उगवतो, ग्रास यलो त्यावर अंडी घालतं आणि कोवळा असताना तुम्हालाही भाजी मिळते.

ओवळ्याची ओवळेकर वाडी, म्हणजे फुलपाखरांची बाग, तुमच्यापासून लांब नाही. एका रविवारी सगळ्यांना घेऊन जा. कुठल्या झाडावर काय बसतं ते डोळ्यांनी पाहिलं की कमिटीला समजवायला भाषण लागत नाही.

एक विनंती : त्या "फुलपाखरू मिश्रण" म्हणून मिळणाऱ्या बियांची पाकिटं आणू नका. त्यात निम्मा कॉसमॉस असतो. दिसायला सुंदर, पण परदेशी, आणि मोकळ्या माळावर सुटला की आवरत नाही.

नौपाडाकर

झेंडू मेक्सिकोचा, मिरची-टोमॅटो अमेरिकेतले, लाल भोपळाही तिकडचाच. दसऱ्याला दाराला काय बांधायचं मग, आंब्याच्या पानांबरोबर खुळखुळा? गच्चीवरच्या पिंपातून कॉसमॉस कुठे पळून जाणारे?

येऊरवारा

झेंडूला विरोध नाहीच, तो आपोआप रान व्यापत नाही. गच्चीवरून बी वाऱ्याने खाली जातं, खाली नाला, नाल्यापलीकडे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाची हद्द. मानपाड्याला ही हद्द किती जवळ आहे ते तुम्हालाही ठाऊक आहे. घाणेरीसुद्धा कोणीतरी शोभेसाठीच आणली होती.

पोळपाट

एवढी लांबची झाडं कशाला? स्वयंपाकघरातलंच लावा आणि थोडं फुलू द्या. कोथिंबीर जून झाली की आपण उपटून टाकतो. दोन पिंपांतली तशीच ठेवा, पांढरी नाजूक छत्री फुलते आणि दिवसभर बारीक बारीक माश्या असतात तिच्यावर. मुळ्याचं, मोहरीचं, बडीशेपेचं तसंच. तुळशीच्या मंजिऱ्या खुडायची आपल्याला सवय, म्हणे झाड दाट होतं. एका कुंडीच्या खुडू नका, सकाळी बघा काय गर्दी होते ती. सब्जालाही.

कढीपत्त्याबद्दल मात्र येऊरवारांशी भांडण आहे. फोडणीला पान ठेवत नाहीत त्या अळ्या.

येऊरवारा

मावशी, दोन झाडं लावा. एक फोडणीचं, एक अळीचं. अळी लहान असताना पक्ष्याच्या शिटेसारखी दिसते, म्हणून कोणी हात लावत नाही. हिरवी झाली की लोक चिरडतात. तेव्हा तिला उचलून दुसऱ्या झाडावर ठेवायची, बस.

पोळपाट

बरं. पण उचलायला तुम्ही या.

भुंगा

पोळपाट यांच्या प्रतिसादाला +१. त्या बडीशेप-कोथिंबिरीच्या फुलांवर येणाऱ्या बारीक माश्यांपैकी काहींची पिल्लं मावा ही कीड फस्त करतात. वेलावरचा मावा फुकटात जातो.

सिडकोचा_जावई

(अवांतर) तुम्ही गच्चीवर भाजी पिकवताय ते ठीक, पण स्थानिक अन्न म्हणून एवढा गाजावाजा कशाला? स्टेशनबाहेर आदिवासी बायका येऊरच्या पट्ट्यातून कुलू, कुरडू, करटोली, शेवळं घेऊन बसतात. ते खरं स्थानिक अन्न. सोसायटीवाले घरचा माठ खायला लागले की त्यांचं गिऱ्हाईक तुटणार. रुळाकाठची पालक खाऊन वाढलेली पिढी आपली, अचानक सेंद्रिय कसली झाली?

अळूवडी

@सिडकोचा_जावई, गिऱ्हाईक तुटत नाही, उलट झालं. गच्चीवर कुरडू उगवला तेव्हा आमच्या सफाईवाल्या ताईंनी सांगितलं की तण नाही, भाजी आहे. त्यांनीच चिरून दाखवली. तेव्हापासून आमच्या इमारतीतल्या चार घरी पावसाळ्यात त्यांच्या गावची भाजी येते, पैसे देऊन. शहाऐंशी प्रकारची पाकिटं मागवणाऱ्या आम्हाला दाराशी उगवलेलं ओळखता येत नव्हतं.

शेवगा

रानभाजी विकतच घ्या, उद्यानात शिरून खुडू नका. तिथे कायदा कडक आहे आणि ओळख चुकली तर पोटाला महागात पडतं. शेवळं तर काकडं (आंबट रानफळं) घातल्याशिवाय घसा धरून ठेवतात.

तिरकस

माझा एक मित्र काकडं न घालता शेवळं खाऊन दोन तास बोलला नाही. त्याच्या बायकोने दुसऱ्या दिवशी परत आणली.

बागुलबुवा

गच्चीवरची शेती हा काल आलेला शौक नाही, एवढं जावयांना सांगतो. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळझाडं उभी केली. त्यामागे श्री. अ. दाभोलकरांच्या प्रयोग परिवाराचा विचार होता : थोडी जागा, घरचा पालापाचोळा आणि रोज टिपणं ठेवणारी माणसं. यातली शेवटची गोष्ट लोक विसरतात. वही ठेवा. कधी फूल, कधी फळ, कधी फवारणी. अळूवडी यांच्याकडे वही असती तर खताचा संशय की माशीचा, हा वाद इथे झालाच नसता.

वाशीची_खाडी

माणसं टिकवण्याबद्दल कोणीच बोललं नाही, तेव्हा मीच लिहिते. सानपाड्याला आमच्या जुन्या सोसायटीत असाच मळा होता, तो मे महिन्यात मेला. सगळे गावी गेले, पाणी कोणी घालायचं? दुसऱ्या वर्षी लोकांनी तीन गोष्टी बदलल्या. मार्चनंतर नवीन काही लावायचं नाही, नुसती माती पाल्याने झाकून ठेवायची. पाण्याची पाळी माणसाच्या नावाने नाही, मजल्याच्या नावाने. म्हणजे एक गेला तर शेजारी धरतो. आणि पहिलं फळ लिलावात. लाल भोपळ्याच्या लिलावाला गणपतीत जेवढी गर्दी झाली तेवढी वार्षिक सभेला कधी होत नाही.

आणि हो, निवृत्त काकांच्या हाती सगळं देऊ नका. ते उत्तम सांभाळतात, पण मग बाकीच्यांना मळा "काकांचा" वाटतो.

नौपाडाकर

आक्षेप. मी निवृत्त काका आहे.

वाशीची_खाडी

म्हणूनच माहीत आहे. हलके घ्या.

बागुलबुवा

फवारणीचंही एक बघा. पालिकेची धूरफवारणी डासांसाठी असते, ती तुम्ही अडवू शकत नाही आणि अडवूही नये. पण तिने उडते डास मरतात, पाण्यातल्या अळ्या नाही. डेंग्यूचं खरं काम कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करण्याचं आहे. तुमचे पिंपं-ताटल्यावाले तिथे दोषी ठरू शकतात, सांभाळा. कंत्राटदाराची फवारणी मात्र तुमच्या हातात आहे. काय फवारतो ते लेखी मागा. निंबोळी अर्क असला तरी फुलांवर नको, सूर्यास्तानंतर, माश्या परतल्यावर. दुधीच्या मांडवावर तेही नाही, तिथे पतंगांची पाळी तेव्हाच सुरू होते.

आणि गच्चीवर सावली येते म्हणून कोणी झाडाची फांदी कापायचं म्हणालं तर आधी पालिकेची परवानगी. १९७५ चा झाडांचा कायदा फांदी "थोडीशीच" होती हे ऐकत नाही.

अळूवडी

सगळ्यांचे आभार, आता हालहवाल.

फळावर टोचल्याची खूण नाही, पाहिलं. म्हणजे फळमाशी नाही. शेवगा यांच्या सांगण्यावरून दिवेलागणीला वर गेलो, हातात टॉर्च. दुधीची फुलं पांढरीशुभ्र उघडी होती, सकाळी ज्यांना आम्ही सुकलेली म्हणत होतो तीच. शाळकरी मुलांना पाकळ्या सोलायचं काम दिलं, त्यांचे हात आमच्यापेक्षा हलके. त्यातली काही फळं फुगली आहेत, काही गळली. नौपाडाकर काका, खतही आवरलंय, तेव्हा श्रेय निम्मं निम्मं वाटून घ्या.

कमिटीत चर्चा झाली. लॉन उपटायला नकार, "लुक जातो" म्हणे. कुंपणालगतची पट्टी मिळाली, पार्किंगच्या मागची, जिथे कोणी बघत नाही. तिथे टाकळा राहील, एक लिंबू, दोन कढीपत्ते (मावशी, उचलायला येऊरवारा तयार आहेत असं धरून चालते), तुळस, सब्जा, रुई मुलांच्या वाटेपासून लांब. वाळका बांबू ठेवायला सेक्रेटरींनी विरोध केला, कचरा दिसतो म्हणून. पाटी लावली तर चालेल का विचारलं, तर म्हणाले पाटी इंग्रजीत लावा.

पाणी मजल्याच्या नावाने सुरू. तिसरा मजला अजून गायब आहे.

तिरकस

तिसऱ्या मजल्याला पहिला दुधी द्या. शिक्षा म्हणून.

भुंगा

बांबू उभा नको, आडवा बांधा, काड्यांची तोंडं एका बाजूला, वर पत्र्याचा तुकडा. पावसात भिजला तर माशी येत नाही. नीट बांधला की तो कचरा दिसत नाही, आणि सेक्रेटरींना फोटो काढायलाही बरा.

अळूवडी

अजून एक विचारायचं होतं. गच्चीवर करटोली लावावी का? आमच्या ताई कंद आणून देतो म्हणाल्या.

शेवगा

जरूर लावा, पण करटोलीत नर वेल वेगळा आणि मादी वेल वेगळा. एकटा मादी वेल लावलात तर पुन्हा हाच धागा वर काढावा लागेल. फुलं संध्याकाळची, म्हणजे हाताने करायची वेळ दुधीचीच.

अळूवडी

कंदावरून नर की मादी ते ओळखता येतं?

शेवगा

फूल येईपर्यंत मला तरी नाही ओळखता येत. पाच-सहा कंद मागवा, पहिल्या पावसाच्या आधी लावा. फुलं आली की मागे गोटी आहे का बघा. गोटी नसलेले वेल नर. त्यातला एक ठेवा, जास्तीचे काढून दुसऱ्या सोसायटीला द्या. ताईंना विचारा, त्या ज्या वेलाची करटोली तोडतात त्याच्याच बुडचा कंद मिळाला तर मादी नक्की.

पोळपाट

जास्तीचा नर इकडे पाठवा, माझ्याकडे मादी आहे आणि कधीपासून नुसतीच फुलतेय. वर्तकनगर नाक्यावर येऊन घेऊन जाईन.